म्हातारीचा एक्सल

आधी बसा सगळ्या. तुम्ही म्हणता ना, हिला काय झालंय, फोन उचलत नाही, बोलावलं तर येत नाही, शिष्ट झालीये. तर सांगते. पण मध्ये कुणी तोंड घालू नका, मला एका दमात सांगू द्या, नाहीतर मी अर्ध्यावर थांबेन आणि मग उरलेलं काही माझ्या तोंडून निघायचं नाही.

आमची म्हातारी आठवते ना? गाडी हो. गोल दिव्यांची, फुगलेल्या मडगार्डांची, जिचं मागचं दार आतून लाथ मारल्याशिवाय उघडायचं नाही ती. बाबा तिला म्हातारी म्हणायचे आणि आई म्हणायची, बरंय, तुमची म्हातारी कोपऱ्यात उभी आहे तोवर मी आपोआप तरुण. गॅरेजमध्ये गिऱ्हाइकांच्या गाड्या येतात-जातात, पण तो कोपरा तिचा, तिथे दुसरी गाडी लावली तर बाबांचं तोंड दिवसभर वाकडं.

तिचं काय झालं तेही तुम्हाला माहितीये. उतारावर मागचं डावं चाक निघून गेलं. दादा चालवत होता, आई मागे बसलेली. गाडी कलंडली आणि मागची बाजू खांबावर बसली. दादाचा खांदा निखळला, आणि आईची कंबर. तुम्ही हॉस्पिटलात आला होतात, तेव्हा ती तुमच्याशी हसून बोलली, आठवतंय? घरी आल्यापासूनही तशीच बोलते. फक्त कमरेखाली तिला काही कळत नाही. गरम पाण्याची पिशवी पायावर फुटली तरी कळलं नाही, मीच ओलं बघून धावले.

तर दादाचं सांगते. त्या दिवशी सकाळी ते चाक दादानेच केलं होतं. ऑइल सील बदललं, ड्रम बसवला, नट आवळला आणि दुपारी आईला घेऊन निघाला. मग शुद्धीवर आल्यावर त्याच्या डोक्यात काय आलं असेल ते तुम्हीच बघा. कुणाशी बोलेना. जेवेना. भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि उजव्या हाताकडे बघत राहायचा. एकदा मला म्हणाला, ठिणगी, माझ्या हातून काही राहिलं असेल ना, तर मी या घरात नाही राहणार. मी म्हटलं, मग कुठे जाशील? तर म्हणाला, कुठेच नाही. ते ज्या आवाजात म्हणाला ना, मी त्याच दिवशी गॅरेजच्या कपाटातली अॅसिडची बाटली आणि जाड दोर, सगळं उचलून शेजाऱ्यांकडे ठेवलं. हे बाबांनाही माहीत नव्हतं.

आणि मग बाबांनी येऊन सांगितलं, शाफ्ट तुटला होता.

शाफ्ट म्हणजे कसं, मागच्या एक्सलच्या पोटात दोन दांड्या असतात, एक या चाकाला, एक त्या चाकाला, त्याच चाकं फिरवतात. या जुन्या गाड्यांच्या त्या दांड्या कमजोर, तुटतात, आणि तुटली की टोकासकट चाक बाहेर. हा त्यांचा जुनाच आजार आहे, ज्याला त्याला माहितीये. बाबांनी गाडी ओढून आणली, ताडपत्री टाकली, चाक त्याच दिवशी भंगारात दिलं आणि दादाच्या समोर बसून सांगितलं, शाफ्ट तुटला, तुझा काही दोष नाही, लोखंडाला काय डोळे असतात?

त्या शाफ्टवर माझा भाऊ उभा राहिला. खरंच सांगते. दुसऱ्या दिवशी त्याने दाढी केली.

पण विचारायचा मात्र रोज. जेवताना, मध्येच घास थांबवून, "शाफ्टच ना, बाबा?"

बाबा ताटातून डोकं वर न काढता, "शाफ्टच."

की मग पुढचा घास.

मग त्याच्या डोक्यात आलं की म्हातारीला दुसरा एक्सल बसवायचा. बाबा म्हणाले, भंगारात देऊ, मला ती दारात नको. दादा म्हणाला, दोष एक्सलचा आहे, गाडीला कशाला शिक्षा? मी आईला याच गाडीतून तपासणीला नेणार. त्याने कुठून कुठून माहिती काढली आणि माल वाहणाऱ्या व्हॅनचा एक्सल शोधला. जाडजूड, काळा, दोन माणसांना उचलेना असा. त्याची खुबी अशी की आत शाफ्ट तुटला तरी चाक जागचं हलत नाही, कारण चाक शाफ्टवर नसतंच, बाहेरच्या नळीवर बसलेलं असतं. दादा हे येईल त्याला सांगायचा. दूधवाल्यालाही सांगितलं. भंगारवाला टेम्पोतून एक्सल उतरवताना म्हणाला, "एवढं फिरवून फिरवून तर लोक मुलगीसुद्धा बघत नाहीत हो, तुमच्या पोराने माझं गोडाउन पालथं घातलं."

आईची खोली गॅरेजच्या भिंतीला लागून आहे, तिला सगळं ऐकू जातं. ती भिंतीपलीकडून ओरडली, "माझं मत कुणी विचारणार आहे का?"

दादा म्हणाला, "बोल."

"मागच्या सीटची उशी बदला. तिला कुबट वास येतो."

सगळे हसलो. पण संध्याकाळी तिचे केस विंचरत होते तेव्हा मला हळूच म्हणाली, "मला भीती वाटते गं त्या गाडीची. पण नाही म्हटलं तर हा परत भिंतीकडे तोंड करून बसेल. त्यापेक्षा बसेन मी."

बरं, कामाचं. दुसऱ्या गाडीचा एक्सल म्हणजे दुसऱ्याचा बूट, आहे तसा पायात जात नाही. हा चार बोटं जास्त रुंद. स्प्रिंगच्या पाट्यांवर तो जिथे टेकतो त्या लोखंडी बैठका भलत्याच जागी. म्हणजे त्या कापायच्या, जुन्या एक्सलवर जिथे होत्या तिथे नव्यावर वेल्ड करायच्या, आणि त्याचं नाक, म्हणजे मधल्या गोळ्याचं पुढचं तोंड, नेमकं तेवढंच वर ठेवायचं, नाहीतर गाडी पळताना आतून कुत्र्यासारखी गुरगुरते. ब्रेकच्या नळ्या नव्या, हँडब्रेकची केबल नवी, आणि मधला लांब प्रोपेलर शाफ्ट लेथवर नेऊन आखूड करायचा. वेल्डिंग माझ्याकडे, कारण दादाचा खांदा अजून हात स्थिर धरू देत नव्हता.

जुना एक्सल बाबांनीच उतरवला. दादा खांद्याच्या व्यायामाला हॉस्पिटलात गेला होता, तेवढ्यात. मी म्हटलं, थांबा, मी येते मदतीला. तर म्हणाले, तू आईजवळ बस. एकट्याने उतरवला, या वयात, आणि ओढत मागे पाण्याच्या टाकीआड नेऊन वर पोती टाकली. मला वाटलं, दादाला बघवणार नाही म्हणून करतायत. दादाही तेच म्हणाला होता, "आत्ता नको दाखवू मला. नवा बसला की एकदाच बघेन, तुटलेलं तोंड. हातात घेऊन बघेन. मग द्या भंगारात."

पण बैठकांचं माप तर जुन्यावरूनच घ्यायला लागणार ना? दादाने मला टेप दिली आणि म्हणाला, जा, दोन्ही बाजू मोज, कोनमापक लाव, दोनदा बघ. बाबा नेमके गिऱ्हाइकाकडे गेलेले. मी टाकीआड गेले, पोती काढली, टेप लावली, उजवी बाजू मोजली. डावीकडे आले.

शाफ्ट अख्खा होता.

मी म्हणाले ना, मध्ये बोलू नका. अख्खा. टोकापर्यंत. टोकाला तो निमुळता होत जातो, त्याच्यावर चाकाचा हब बसतो, पुढे आटे असतात, त्यावर नट येतो. आटे जागेवर. जरा घासलेले, पण जागेवर. आणि त्या आट्यांच्या मधोमध आरपार भोक असतं, त्यात पिन घालतात, दोन पायांची, पाय वाकवले की नट सैल होऊन फिरूच शकत नाही. ते भोक स्वच्छ. मी त्यातून पलीकडची भिंत बघितली. पिन तुटलेली असती तर तुकडा अडकलेला असता, ओरखडा असता. काही नाही. पिन कधी घातलीच नव्हती.

मी तिथेच पोत्यांवर बसले. टेप आपोआप सर्रकन आत गेली, माझं बोट कापलं, तेही नंतर बघितलं.

आता तुम्हाला आमच्या गॅरेजची एक रीत सांगायला लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे नट जो आवळतो तो पिन घालत नाही. पिन दुसऱ्याने घालायची. बाबांचा नियम. का, तर स्वतः आवळलेला नट माणसाला नेहमी घट्टच दिसतो. म्हणून दुसऱ्याने यायचं, बघायचं, हाताने ओढायचं आणि मग पिन. एक ओरडतो, पिन. दुसरा ओरडतो, बसली. लहानपणापासून ऐकलेलं, आमच्याकडे अंगाईगीतच ते.

पण त्या आठवड्यात दोघांचा अबोला होता. कशावरून, तर दादाने एका गिऱ्हाइकाचं काम केलं आणि बाबांनी गिऱ्हाइकासमोर ते परत उघडून बघितलं. झालं. दादा फुगला. बाबाही फुगले. सगळा कारभार माझ्यातून. तुझ्या बापाला सांग, डबा आलाय. तुझ्या भावाला सांग, डबा मलाही दिसतो. आई म्हणायची, मला वाटलं मी एकच लग्न केलं, इथे दोन नवरे रुसून बसलेत.

आणि पिनेचं त्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. ठरवलं म्हणजे आपोआपच ठरलं. दादा नट आवळायचा आणि तो लांब दांड्याचा पाना नटवरच लटकत ठेवायचा. त्याचा अर्थ, आवळलंय, पिन घाला. बाबा यायचे, पिन घालायचे, पाना काढून भिंतीवरच्या त्याच्या खिळ्याला अडकवायचे. त्याचा अर्थ, घातली. मग दादा चाकाची टोपी ठोकायचा. मी हे बघायचे आणि मनात म्हणायचे, वेडे आहेत दोघं, पण चालतंय ना.

त्या दिवशी मी तुमच्याकडे होते. घर बदलायचं म्हणून सामान हलवायला सकाळीच आले होते, दिवसभर. त्यामुळे निरोप्याही घरात नव्हता.

बाबा आल्यावर मी त्यांना टाकीआड घेऊन गेले. नुसतं त्या टोकाकडे बोट दाखवलं. ते बराच वेळ पोती नीट करत राहिले. मग म्हणाले, "रस्त्यावरच बघितलं मी. गाडी ओढायला गेलो तेव्हा."

"मग शाफ्ट का म्हणालात?"

"मग काय म्हणू? त्याचा चेहरा बघितला होतास ना?" आणि जरा थांबून, "पाना मला नटवर दिसलाच नाही गं. मी बाहेरून आलो तेव्हा पाना खिळ्यावर होता आणि गाडी गेलेली. मला वाटलं, इतका राग आलाय की पिनही स्वतःच घातली. विसरला तो. घाईत विसरला असेल. हे त्याला कळलं तर तो..." पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मला पूर्ण ऐकायचंही नव्हतं.

म्हणजे बघा. बाबा समजून चालले होते की चूक दादाची आहे, आणि ती ते एकटे गिळून बसले होते. रोज जेवताना, शाफ्टच, शाफ्टच.

मला मात्र पटेना. दादा नट अर्धवट सोडून जेवायलाही उठत नाही. तो पाना विसरेल? म्हणून मी, मूर्खासारखी, आईला विचारलं. सहज विचारल्यासारखं. तिच्या पायांना तेल लावत होते. म्हटलं, "आई, त्या दिवशी तुम्ही निघायच्या आधी तो लांब पाना चाकावर होता का गं?"

ती लगेच म्हणाली, "होता की. माझ्या नडगीला लागला ना. चहा द्यायला गेले तर तुझे दादा महाशय हात धुवायला गेलेले आणि पाना चाकातून बाहेर आलेला, आडवा. नेहमीचंच यांचं. मीच काढला आणि खिळ्याला लावला. या बापलेकांना आयुष्यात एक वस्तू जागेवर ठेवायला..." आणि मग म्हणाली, "का गं?"

मी म्हटलं, काही नाही, पाना सापडत नव्हता.

तिला त्या खुणेचं माहीतच नव्हतं. तिला कसं असणार? ते दोघं बोलतच नव्हते, तर सांगणार कोण? माझ्या हाताखाली तिचा पाय होता, थंड, आणि मी तेल चोळत राहिले. नंतर मागे जाऊन नळ सोडला आणि नळाच्या आवाजात रडले, कारण भिंत किती पातळ आहे ते तुम्हाला माहितीये.

आता हे कुणाला सांगू? बाबांना सांगितलं तर दादा सुटतो, पण मग आई. आईचीच कंबर गेली आणि आईनेच पाना उचलला, असं ते बोलून दाखवू मी? कुणालाच नाही सांगितलं.

इकडे काम तर थांबेना. मी बैठका वेल्ड केल्या. खोटं नाही सांगत, आजवरचं माझं सगळ्यात चांगलं वेल्डिंग. दादा वाकून बघायचा आणि म्हणायचा, ठिणगी, सरळ रेघ मारलीस. भिंतीपलीकडून आई म्हणायची, आज ग्राइंडरला खोकला झालाय का रे? एक्सल वर चढवला, यू-बोल्ट आवळले. दादा शीळ घालायला लागला. किती दिवसांनी. आणि एकीकडे बाबा वाळत चाललेले, कारण नवा बसला की दादा जुना शाफ्ट मागणार. तुटलेलं तोंड हातात घेऊन बघणार.

म्हणून बाबा म्हणाले, तोडायचा.

त्या दिवशी दादा प्रोपेलर शाफ्ट आखूड करायला लेथवाल्याकडे गेला होता. तिथे रांग असते, दुपार जाते. आम्ही जुन्या एक्सलमधून तो शाफ्ट ओढून काढला आणि बाकावरच्या वाइसच्या जबड्यात आवळून धरला. करवतीने कापून चालणार नव्हतं, कापलेलं लोखंड आणि तुटलेलं लोखंड दादा डोळे झाकून बोटाने ओळखतो. तापवूनही चालणार नव्हतं, रंग राहतो. तो तुटायलाच हवा होता, तुटल्यासारखा.

बाबांनी घण घेतला.

तुम्हाला सांगते, ज्या शाफ्टला सगळं जग कमजोर म्हणतं ना, तो तुटेना. बाबा मारतायत, मी मारतेय, पुढे पाइप घालून दोघंही लोंबकळतोय, तो वाकला, वाकला, पण तुटेना. बाबांचा शर्ट ओला. मला एकदम हसू यायला लागलं, भयंकर, पोटातून, आणि बाबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते मारतच होते. म्हणत होते, तूट रे बाबा, तूट, तुझं काय जातंय.

"काय चाललंय?"

दादा दारात. लेथवाल्याने त्याचं काम आधी करून दिलं होतं.

त्याने हातातला प्रोपेलर शाफ्ट भिंतीला टेकवला आणि वाइसपाशी आला. कुणी काही बोलायच्या आधीच अंगठा त्या आट्यांवरून फिरवला. मग भोकावर. अंगठा भोकावर ठेवून उभाच राहिला.

"हा तुटलेला नाही."

बाबा म्हणाले, "नाही."

"पिन नव्हती."

"माझ्याकडून राहिली. मी घातली नाही."

दादाने आवाज खाली आणला, भिंत पातळ म्हणून. "मी पाना नटवर ठेवला होता."

"असेल."

"असेल म्हणजे? ठेवला होता, बाबा. हात धुऊन आलो तर पाना खिळ्याला होता. म्हटलं तुम्ही येऊन पिन घालून गेलात. म्हणून टोपी ठोकली. आत वाकून बघितलंही नाही, कारण..." त्याने अंगठा भोकावरून काढला. "कारण म्हटलं, मी नाही कुणाचं काम परत उघडून बघत."

बाबांचा घण खाली टेकला. "मी काढला नाही पाना. मी घरी आलो तेव्हा तू गेलेला होतास आणि पाना खिळ्यावर होता."

"मग काय पाना स्वतः चालत गेला?"

"मी काय खोटं बोलतोय?"

"इतके महिने शाफ्ट शाफ्ट म्हणत होतात, ते काय होतं मग?"

आणि मला दिसलं, हे दोघं आता कायमचे गेले. हा म्हणणार त्यांनी पाना काढला आणि पिन विसरले, ते म्हणणार याने ठेवलाच नाही. आणि दादाचा चेहरा पहिल्यासारखा व्हायला लागला होता, त्या भिंतीकडे बघायचा तसा. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी उचलला. पाना मी उचलला होता."

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

दादा म्हणाला, "तू नव्हतीस घरी."

"दुपारी येऊन गेले मी."

"नव्हतीस. तू सकाळीच मैत्रिणींकडे गेली होतीस सामान हलवायला. आई गाडीत म्हणत होती, ठिणगी सकाळी गेली ती अजून फिरकली नाही, उपाशी असेल." हे तो सावकाश बोलला. बोलता बोलताच त्याला पुढचं कळायला लागलं होतं, ते मला दिसत होतं. "तू नव्हतीस. बाबा नव्हते. मग घरात..."



तिघांनीही भिंतीकडे बघितलं. मग कुणी कुणाकडे बघितलं नाही. बाबा जिथे होते तिथेच खाली बसले, तेलात, फरशीवर.

पलीकडून आईचा आवाज आला. "काय रे? मघापासून घण घालताय आणि एकदम सगळे मुके झालात. काय झालं?"



मग दादा बोलला. अगदी सरळ आवाजात, जणू पाणी मागतोय. "काही नाही, आई. जुना शाफ्ट. तुटला."

"परत? अरे, एकच शाफ्ट किती वेळा तुटायचा?"

"हा दुसऱ्या बाजूचा."

"बघ म्हणजे," आई म्हणाली. "दोन्हीकडून सडलेलाच होता मेला. बरं केलंस बदललास."

दादाने तो वाकडा शाफ्ट वाइसमधून सोडवला, पोत्यात गुंडाळला आणि स्वतः उचलून भंगारवाल्याकडे नेला, त्याच दुखऱ्या खांद्यावर. मी मागून गेले. लपत लपत, कारण मला वाटलं, हा आता कुठे जातोय कोण जाणे. पण तो गेला, देऊन आला, आणि प्रोपेलर शाफ्ट बसवायला गाडीखाली शिरला.

म्हातारी आता चालते. चढाला जरा दम खाते, काट्यावर वेग खोटा दाखवते, पण चालते. दादा जेवताना आता काही विचारत नाही. बाबांशी बोलतो, बाबाही बोलतात, दोघंही इतके गोड बोलतात की ऐकवत नाही. मीठ हवंय का, पाणी देऊ का. त्यापेक्षा अबोला बरा होता. आणि तो झोपत नाही. त्याच्या खाटेची कुरकुर मला ऐकू येते. अॅसिडची बाटली अजून शेजाऱ्यांकडेच आहे.

पण आई. आई काय साधी आहे का? त्यानंतर एकदा मी तिची चादर बदलत होते, तर म्हणाली, "तू मला तो पाना का विचारलास गं त्या दिवशी?" बोलताना हसत नव्हती. आयुष्य गॅरेजच्या भिंतीला कान लावून गेलंय तिचं, ती बसल्या जागी सगळं जुळवत असणार. तर मी तिला सांगितलं की तू पाना खिळ्याला लावलास ना, त्याच्यानंतर दुपारी मी पाच मिनिटं घरी येऊन गेले, तू आडवी झाली होतीस म्हणून हाक मारली नाही, आणि मला तो पाना चाकावर लागतो हे माहीत होतं म्हणून मी परत नटवर लावून ठेवला होता. म्हणजे तिने तो काढल्याने काही बिघडलं असं उरतच नाही. तेच आठवत होते, म्हटलं. तिने चादरीचं टोक ओढून सरळ केलं. मग म्हणाली, "मला तर तू आलेली कळली नाहीस."

म्हणून तुम्हाला सांगतेय हे सगळं. रविवारी तिला तपासणीला न्यायचंय, म्हातारीतूनच, आणि खुर्चीतून सीटवर उचलायला दादाचा खांदा चालत नाही, बाबांना जमणार नाही, तेव्हा तुम्हीच यायचंय. आणि ती विचारेल. तुमच्यातल्या कुणाला तरी बाजूला घेऊन, सहज विचारल्यासारखं विचारेल, त्या दिवशी ठिणगी दुपारी मध्येच घरी येऊन गेली होती का गं? तर हो म्हणायचं. जास्त काही सांगत बसू नका, ती शब्दात पकडते. हो, मध्येच घरी गेली होती, लगेच परत आली. एवढंच.

आणि उचलताना कमरेखाली दोघींनी दोन्ही बाजूंनी धरा, पाय दारात अडकत नाहीत ना ते बघा. तिला लागलं तरी कळणार नाही, आपल्यालाच बघायला लागतं.